वाणाचा स्क्रूड्रायव्हर

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "पोरं गोळा करते." बहरीनमध्ये हिद्दला आमचं एक टेक्निकल कॉलेज आहे. बारावीनंतर दोन वर्षांचे डिप्लोमा, आणि त्या डिप्लोमांना शाळाशाळांतून विद्यार्थी मिळवून आणायचे ही माझी नोकरी. कार्डावर 'सुनंदा शिरीष गाडगीळ, स्टुडंट रिक्रूटमेंट ऑफिसर' असं भारदस्त छापलंय, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बहरीनी शाळांतून मुलं येतात. त्यांच्या आईवडलांना ठाऊक असतं की बंदरावरच्या शीतगृहांना, हॉटेलांना, इस्पितळांना माणसं लागतात आणि दोन वर्षांत पोरगं कमावतं होतं. घोडं अडतं ते आपल्याच लोकांपाशी. मूल बारावीत गेलं की आपल्याला दोनच दिशा दिसतात, इंजिनिअरिंग आणि मेडिकल. बाकी कुठलीही दिशा दाखवली की उत्तर ठरलेलं: "बघू." असं 'बघू' म्हणणारा एकही माणूस यंदापर्यंत पुन्हा कधी बघायला आलेला नव्हता.

दर जानेवारीत इथल्या एका भारतीय शाळेत करिअर मेळा भरतो. यंदा आमचं टेबल पडलं दोन खासगी विद्यापीठांच्या मध्ये. एकाकडे फुग्यांची कमान, दुसऱ्याकडे डोळ्यांवर चष्मा लावून चंद्रावर फिरवून आणणारं यंत्र. आणि आमच्याकडे काय, तर मधोमध कापलेला एसीचा कॉम्प्रेसर! आमचे अझहर सर एसी आणि रेफ्रिजरेशन शिकवतात. मूळचे हैदराबादचे. त्यांनी तो स्वतः कापून, लाल-निळा रंगवून, लग्नाच्या वरातीत नवरदेव आणावा तसा गाडीतून आणला होता. सबंध सकाळभरात आमच्याकडे एकच गृहस्थ आले आणि त्यांनी टॉयलेट कुठे आहे ते विचारलं.

येणाऱ्या मुलांना द्यायला माझ्याकडे भेटवस्तूही होती. आमचे संचालक अमीर साहेब म्हणाले होते, "पेन नको, टोपी नको. घरात राहील असं काहीतरी द्या." म्हणून आम्ही छोटे संच बनवून घेतले होते: डबीत एक स्क्रूड्रायव्हर, त्याला बदलायची चार-पाच टोकं आणि एक टेस्टर. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या ज्या दुकानातून मी ते सोनेरी कागदात गुंडाळून घेतले, त्याच दुकानात माझ्या घरच्या हळदीकुंकवाच्या वाणाच्या स्टीलच्या वाट्याही गुंडाळायला टाकल्या होत्या. एकाच वेळी दिल्या तर स्वस्तात पडतं. तोच कागद, तसेच खोके, दोन्ही आमच्या गाडीच्या डिकीत. पुढचं सगळं रामायण या काटकसरीतून घडलं.

मेळा उठायच्या बेताला एक मुलगी आली. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, हातात दुसऱ्यांच्या स्टॉलवरची एकही पिशवी नाही. आली ती थेट कॉम्प्रेसरपाशी. आत बोट घालून पिस्टन वरखाली करून बघितला आणि मग माझ्याकडे वळली.

"आंटी, गर्ल्स अलाउड आहेत?"

"अलाउड? अगं, पायघड्या घालू! नाव काय तुझं?"

"कस्तुरी. कस्तुरी गणपत शेलार." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि भराभर इंग्रजीत सांगून टाकलं, मधूनमधून मराठी. बाबा एसीच्या कामात फोरमन आहेत. लहानपणापासून ते घरी एसी खोलायचे आणि ही शेजारी बसून स्क्रू सांभाळायची. तिला हेच शिकायचं होतं, आणि इथेच, आईबाबांजवळ राहून. पण बाबांनी कराडच्या काकांकडे सगळं ठरवलं होतं. परीक्षा संपली की तिकीट, तिथे एंट्रन्सचा क्लास, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. काकांनी तिच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतली होती. "आय डोन्ट वाँट टू गो, आंटी. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात, विषय खलास."

मी तिला एक सोनेरी पुडकं देऊ लागले, तर तिनं हात मागे घेतला. "नको. घरी नेलं तर बाबा विचारतील."

ती गेली आणि अझहर सरांनी कॉम्प्रेसरवर फडकं टाकलं. "मॅडम, पूरे मेले में एक ही बच्ची आई, और वो भी अपने बाप से डरी हुई." मी टेबलावरचे कागद आवरायला लागले. पण मनात म्हटलं, या एका पोरीला मी सोडणार नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कॉलेजच्या रिकाम्या जागांची पर्वा नव्हती. पिस्टनपाशी तिचा चेहरा उजळला होता आणि बाबांचं नाव निघताच विझला, ते मला बघवलं नव्हतं.

त्याच दुपारी मी गणपतरावांना फोन लावला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंख्यापासून लाउडस्पीकरपर्यंत सगळं तेच बघतात, त्यामुळे ओळख होती. मी माझं सगळं पाठ केलेलं भाषण म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा मान हाय. पर म्या ह्या बहरीनच्या गच्च्यांवर उन्हात जलम काढला, त्यो पोरीनं पाना धरावा म्हणून न्हाय. तिच्या खिशाला पेन असंल. ती टेबलावर बसंल. ठरलंय ते."

"एकदा येऊन कॉलेज तरी बघा."

"बघू," म्हणाले. झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बुसैतीनच्या आमच्या फ्लॅटवर हळदीकुंकू होतं. काळ्या साड्यांनी बैठकीची खोली भरून गेली. मंडळाच्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यात काशीबाई होत्या, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि पंचांगातलं त्यांना विचारल्याशिवाय इथे कुणी गृहप्रवेशही करत नाही. कस्तुरीची आई शेवंतीही आली होती. ती घरून पोळीभाजीचे डबे देते आणि चारचौघींत सहसा तोंड उघडत नाही. तिळगूळ झाला, अत्तर झालं, उखाणे झाले. वाण द्यायची वेळ आली तशी मी आतून ओरडले, "अहो, डिकीतला खोका आणा!"

आमचे हे पुण्याचे, पेशानं अकाउंटंट. दुसऱ्याच्या हिशोबातली एका फिल्सची, म्हणजे इथल्या पैशाची, चूक यांना झोपेतही दिसते. पण डिकीत दोन खोके आहेत, हे त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसलं नाही. पहिला हाताला लागला तो उचलून आणला. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि सोनेरी पुडकं हातात ठेवलं. काशीबाईंनी ते हातात तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "वाटी चांगली जड दिसतेय हो." मी आपली कौतुकानं हसले.

सगळ्या गेल्या, मी चहा टाकला आणि फोन वाजायला लागला. मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर आधी एक फोटो आला: पाटावर हळदकुंकवाचा करंडा, बाजूला तिळगूळ आणि मध्ये उघडलेली डबी, आत स्क्रूड्रायव्हर. खाली लिहिलं होतं, "सुनंदाताई, हे काय?" मग दुसरा फोटो, तिसरा फोटो. कुणीतरी टेस्टरला हळदकुंकू लावून टाकलं होतं. एकीनं विचारलं, "यंदा संक्रांतीच्या हातात शस्त्र कोणतं आहे? हेच का?" आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी धावत डिकीपाशी गेले. वाट्या तशाच होत्या.

"पण खोका खोक्यासारखाच होता ना," आमचे हे म्हणाले.

"अहो, वरती कॉलेजचं नाव छापलंय!"

"मी मजकूर वाचत नाही, आकडे वाचतो."

काशीबाईंचा आवाजी निरोप आला तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. "सुनंदा, सुवासिनीला वाणात लोखंड? संक्रांतीला? आमच्या सात पिढ्यांत ऐकलं नाही." मी लगेच फोन लावला, माफी मागितली आणि म्हटलं, "काशीबाई, मी उद्याच घरोघरी येते, वाट्या देते आणि ते परत घेऊन जाते."

यावर त्या आणखी तापल्या. "परत? दिलेलं वाण परत घेणार? अगं, लोखंड चालेल एक वेळ, पण दिलेलं वाण परत फिरत नसतं! एवढंही शिकवलं नाही का आईनं? वाट्या द्यायच्या तर वेगळ्या दे. हे राहील आता ज्याच्या त्याच्या घरात." म्हणजे लोखंड दिलं हे पाप आणि परत घेणं हे त्याहून मोठं पाप. मी फोन ठेवला आणि एकटीच खूप वेळ हसले.

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. गणपतराव उभे होते, कामाचा निळा शर्ट, आणि खिशाला, आपण पेन लावतो तसा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली. हातात आमची डबी. मागे शेवंती, जिना धावत चढल्यामुळे धापा टाकत होती.

"ताई, फोनवर म्या न्हाय म्हनलं, तर तुमी मागल्या दारानं घरात पाना घातला व्हय?" ते रागावले होते, पण रागातही चपला बाहेर काढूनच आत आले.

मी काय झालं ते सांगितलं. दोन खोके, एक कागद, एक नवरा. ते सांगताना मला हसू आवरेना आणि त्यामुळे त्यांचा अजिबात विश्वास बसेना. मग मी आमच्या यांना साक्षीला बोलावलं. यांनी मान खाली घालून सांगितलं, "हो, मीच आणला तो खोका." पुण्याच्या माणसानं चूक कबूल केली म्हटल्यावर गणपतरावांना पटलं असावं. ते जरा निवळले आणि त्यांनी डबी टीपॉयवर ठेवली. "चुकून आलं आसंल तर ही घ्या परत. पोरगी कालधरनं हिला घिऊन बसलीया. फ्रीजच्या दाराचं रबर काढून पुन्यांदा बसवलं तिनं."

"बसलं नीट?" मी विचारलं.

"बसलं की," म्हणाले. मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात आलं आणि पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या.

इतक्यात शेवंती पुढे झाली आणि तिनं डबी उचलून पदराखाली धरली. "परत न्हाय करायची. वाण हाय ते. आन् माजं हाय, तुमचं न्हवं."

"आगं पर..."

"पर न्हाय न् बिर न्हाय. माजं वाण, म्या कुनालाबी दीन. म्या कस्तुरीला दिलंय." शेवंतीचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बहुधा गणपतरावांनाही तेव्हाच कळलं असावं. "तुमी पाना धरलासा म्हणून माज्या परातीत कवा पीठ कमी पडलं का? मंग त्या पान्याची लाज कशापायी वाटती तुमास्नी?"

गणपतराव खुर्चीत बसले. त्यांनी खिशातल्या त्या पिवळ्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"लाज न्हाय गं," ते म्हणाले. "भ्या वाटतं. आगस्टात गच्चीवर पत्र्याला हात लावला तर कातडं निघतंय. म्या शिडीवरनं पडलोय, ते तुला ठाव न्हाय, म्या सांगितलंच न्हाय. तिथं माजी पोर चढायची का?"

आता यावर कुठलं भाषण करणार? सात वर्षांत मी शेकडो आईबापांशी बोलले असेन. कुणाला पगार हवा असतो, कुणाला नावापुढे अक्षरं. भीती वाटते असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तो माणूस फार आवडला. मी एवढंच म्हटलं, "गणपतराव, पुढच्या गुरुवारी आमच्याकडे ओपन डे आहे. पालकांना सगळं दाखवतो. तुम्ही या आणि खोड काढा. तुमचं समाधान झालं नाही तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. कराडला जाताना विमानतळावर तिला सोडायलासुद्धा मी येईन."

"येतो," ते उठत म्हणाले. "पर खोड काढायलाच येतो बरं का."

"यल्ला, चला!" आमचे हे मधेच म्हणाले. यांना कुठे काय बोलावं ते कधीच कळत नाही.

गुरुवारी ते अर्धी रजा टाकून आले, सोबत शेवंती आणि कस्तुरी. आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी खोड काढायला सुरुवात केली. शिडीचे पाय हलवून बघितले. मुलींसाठी वेगळं बाथरूम आहे का ते शेवंतीला आत पाठवून खात्री करून घेतली. बस कुठल्या रस्त्यानं जाते, ड्रायव्हर कोण, वर्कशॉपमध्ये मुली किती, त्या सुट्टीत कुठे बसतात. अमीर साहेब स्वतः बरोबर फिरत होते. "इन्शाल्ला, ऑल गुड," ते प्रत्येक प्रश्नाला म्हणायचे आणि गणपतराव प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून म्हणायचे, "ह्ये उत्तर झालं व्हय?" मग मी खरं उत्तर द्यायचे.

कस्तुरी अझहर सरांच्या टेबलापाशी उभी राहून तारा जोडत होती. ती तिथे पोचल्यापासून एकदाही मागे वळली नव्हती. गणपतराव तिच्याकडे बघत होते आणि मी गणपतरावांकडे.

"समदं ब्येस हाय ताई," शेवटी ते म्हणाले. "वर्कशॉपातबी एसी हाय. पर शिकून झाल्यावर? त्या टायमाला एसी खाली ऱ्हातो आन् मानूस गच्चीवर जातं. त्येचं काय?"

तेवढ्यात दारातून मुस्कान आली.

मुस्कान आमची जुनी विद्यार्थिनी. मुहर्रकमध्येच वाढलेली, घरचे मूळचे भिवंडीचे. ओपन डेला आम्ही जुन्या मुलांना बोलावतो, नव्यांशी बोलायला. ती पायघोळ काळ्या अबायाच्या बाह्या सावरत आत शिरली मात्र, गणपतराव ताडकन सरळ झाले. खिशातला हात बाहेर काढला, शर्ट खाली ओढला आणि शाळेत साहेब तपासणीला आल्यावर मास्तर बोलतात तशा आवाजात सुरू झाले, "मॅडम, तीन नंबर कोल्डरूम का काम हो गया है. पाइप का इन्सुलेशन फिरसे लपेटा. कल सुबह आप देख लो."

आम्ही सगळे चकित. मुस्काननं आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि ती खळखळून हसली. "गणपत भाई, आज छुट्टी है मेरी! मैं तो यहाँ अपने सर से मिलने आई हूँ."

हळूहळू उलगडा झाला. बंदराजवळच्या एका मोठ्या शीतगृहात मुस्कान तपासणी करते. गणपतरावांची कंपनी तिथली दुरुस्तीची कामं घेते. हिनं 'पास' म्हटल्याशिवाय काम पुरं धरत नाहीत, आणि ही इतकी कडक की गेल्या महिन्यात गणपतरावांच्या टोळीनं गुंडाळलेले पाइप हिनं दोनदा सोडायला लावले होते. घरी रोज हिच्या नावानं बोटं मोडणं चालायचं. शेवंतीनं तोंडाला पदर लावला. "ह्याच व्हय त्या? म्या तर समजत हुते की कोन दांडगी बाई आसंल!"

"यहीं पढ़ी हैं?" गणपतरावांनी अझहर सरांना विचारलं. अझहर सरांची छाती फुगली. "इसी टेबल पे."

गणपतराव मुस्कानकडे वळले. विचारायला त्यांना थोडा वेळ लागला. "मॅडम, गच्ची पे चढ़ना पड़ता है?"

"पहले साल चढ़ी थी, सीखने के लिए. जूते, बेल्ट, सब पहन के, और गर्मी में दोपहर को काम बंद." मग तिनं डोळे मिचकावले. "अब तो आप चढ़ते हो, गणपत भाई. मैं नीचे खड़ी रहके फेल करती हूँ."

अमीर साहेबांना हिंदी पुरतं समजतं. तेच आधी हसले, मग सगळेच. गणपतरावही हसले, पण त्यांची नजर वळून कस्तुरीकडे गेली. ती अजून तारच जोडत होती. तिनं सोंगट्या मांडाव्यात तशा सगळ्या तारा ओळीनं लावल्या, बटण दाबलं, आणि छोटा पंखा फिरायला लागला. "बाबा!" ती ओरडली आणि तेव्हा कुठे मागे वळली.

त्यांनी नुसती मान हलवली. जाताना मला म्हणाले, "बघू, ताई."

तो शब्द ऐकला आणि माझी आशा मावळली.

त्यानंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या, आणि कराडचं तिकीट काढलेलंच होतं. मी फोन केला नाही, शब्द दिला होता ना. इकडे ग्रुपवर मात्र वेगळंच सुरू झालं होतं. एकीनं कपाटाची बिजागरी बसवली, तिचा फोटो आला. एकीनं पोराच्या खेळण्यातले सेल स्वतः बदलले आणि लिहिलं, "आता नवऱ्याची वाट बघायला नको." मग काशीबाईंचा आवाजी निरोप आला. कुकरचा दांडा वर्षभर लटपटत होता, मुलगा रोज "उद्या करतो" म्हणायचा. त्यांनी परवा दुपारी चष्मा लावून तो घट्ट केला होता. "तीन शिट्ट्या झाल्या, दांडा हलला नाही. सुनंदा, वाण चांगलं होतं हो तुझं. आमची स्पृहा अकरावीत आहे. तुमच्या त्या कॉलेजात काय काय शिकवतात? रविवारी घेऊन येते तिला." आणि आल्या की! माझ्या नोकरीत आपणहून कॉलेज बघायला आलेल्या आपल्या लोकांतल्या त्या पहिल्याच. पुढच्या मेळ्यात चंद्राची सफर घडवायची की वाण वाटायचं, यावर अमीर साहेबांना काही शंका उरली नाही.

पण माझं मन कस्तुरीत अडकलं होतं. तिच्या विमानाचा दिवस जवळ येत चालला. एका दुपारी मी ऑफिसात बसले होते आणि काचेतून गणपतराव येताना दिसले. एकटेच. निळा शर्ट, कपाळावर घाम, आणि हातात ती सोनेरी कागदातली डबी.

त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, तुमचं वाण परत आणलंय. शेवंतीला सांगू नगासा."

वाण परत येतं म्हणजे काय, ते मला काशीबाईंनी बजावून सांगितलं होतं. मी कसंबसं म्हटलं, "असू दे, गणपतराव. तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल. कितीचं आहे विमान?"

"कंचं इमान?" ते म्हणाले. "उघडून बगा की."

मी डबी उघडली. टोकं होती, टेस्टर होता, कॉलेजचं नाव छापलेला स्क्रूड्रायव्हरही होता. फक्त त्याची मूठ तडकली होती आणि टोक वाकलं होतं.

"ह्यो माल काय कामाचा न्हाय ताई. पयलाच घट्ट स्क्रू लागला आन् वाकला. पोरगी रडाया लागली." त्यांनी घाम पुसला. "म्हनून म्या तिला माजा दिला. त्यो न्हाय वाकायचा, म्या लई वर्सं वापरलाय."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या खिशाकडे गेलं. पिवळी मूठ तिथे नव्हती. तिच्या जागी शाळेतल्या मुलांकडे असतं तसं एक निळं पेन होतं, टोपणावर कस्तुरीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेलं.

"काकांना फोन केला," ते म्हणाले. "खोली रंगवलीया तर म्हनलं, दिवाळीत आमीच यिऊन ऱ्हातो. आता तुमचं ते ॲडमिशनचं काय आसंल ते काढा. आन् एक सांगून ठेवतो, उद्या ही पोर मॅडम होऊन आली आन् माजं काम फेल केलं..."

"तर काय कराल?"

"पुन्ना करीन की," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मलाही रडू आलं, ते काही मी लपवलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण जपून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "सही कुटं करायची?"